पहिल्यांदा थेरपीला जाताय? आधी हे बघा

झोप, भूक पार बिघडली असेल, मरणाचे विचार येत असतील तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा, ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (डिप्लोमा) झालेले डॉक्टर असतात, गोळ्या तेच लिहून देतात. बोलून मोकळं व्हायचंय, तीच ती भांडणं, तीच भीती सुटत नाहीये तर सायकॉलॉजिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) कडचा नोंदणी नंबर बिनधास्त विचारा, खरा माणूस चिडत नाही. नुसता 'काउन्सेलर' बोर्ड कोणीही लावतं हो, डिग्री विचाराच.

फोनवरच फी, वेळ आणि सेशन मराठीत होईल का ते विचारून घ्या, आईवरचा राग इंग्रजीत काढायचा म्हणजे अवघडच. पहिल्या सेशनला बहुतेक माहितीच घेतात, घरचं, झोपेचं, जुने आजार वगैरे, त्यामुळे बाहेर आल्यावर "एवढंच?" वाटेल, वाटू द्या. तीन-चार सेशननंतरही जुळत नसेल तर तसं तोंडावर सांगा नाहीतर बदला, त्यात लाजण्यासारखं काय. लग्न कर सगळं ठीक होईल म्हणणाऱ्याकडे मात्र दुसऱ्यांदा जाऊच नका.

पैशाची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, आणि रात्री-बेरात्री सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात. गोळ्या चालू झाल्या तर मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारून.