थंडीत स्विमिंग पूलचा पंप किती तास चालवायचा?

प्रश्न : जांबोटी रोडला आमचं फार्महाऊस आहे, तिथं ८ बाय ४ मीटरचा छोटा पूल आहे, खोली सरासरी १.४ मीटर, पंप १ एचपीचा. पूल बांधून देणाऱ्यानं रोज ८ तास चालवा म्हणून सांगितलंय, तसंच बाराही महिने चालवायलोय. आता डिसेंबर-जानेवारीत पाण्यात पाय घालवत नाही, पोहायला कोण उतरत नाही, पण बिल काय कमी होईना. तास कमी करू म्हटलं तर यूट्यूबवर सांगतात थंडीत पंप थांबवला की पाईप फुटतात. काय करावं? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ते पाईप फुटायचं आधी डोक्यातनं काढा. जिथं पाणी गोठतं तिथलं ते, बर्फ होताना पाणी फुगतं आणि पाईप तडकतात. आपल्याकडं पहाटे शेकोटी आणि दुपारी परत फॅन, इथं कुठला बर्फ.

आता हिशोब बघा. तुमच्या पूलमध्ये पाणी साधारण ४५ हजार लिटर. १ एचपीचा पंप ताशी १०-११ हजार लिटर फिरवतो असं धरलं (फिल्टर घाण असला तर कमी), म्हणजे ४ - साडेचार तासात सगळं पाणी एकदा फिल्टरमधनं जातं. थंडीत तेवढं बास होतं, कारण पाणी गार असलं की शेवाळ हळू वाढतं आणि ऊन मऊ म्हणून क्लोरीनपण कमी उडतं. हा पंप तासाला जवळपास १ युनिट खातो, म्हणजे ८ चे ४ तास केले की महिन्याला १२० युनिट वाचले. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना) हद्दच २०० युनिटची, आणि तुमचा पंप एकटाच आत्ता २४० खायलाय!

पण एकदम ८ वरनं ४ वर येऊ नका. आठवड्याला एकेक तास कमी करा आणि टेस्ट किट घेऊन क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आहे का बघत राहा. भिंतीवरनं हात फिरवा, बुळबुळीत लागलं तर पाणी कितीही निळं दिसू दे, एक तास परत वाढवा. चार तास सलग नको, दोन दुपारी आणि दोन संध्याकाळी क्लोरीन टाकल्यावर, म्हणजे औषध सगळीकडं फिरतं. फिरकीचा टायमर असेल तर लाईट गेली की तो तेवढा मागं पडतो, आणि आपल्याकडं लाईट किती टायमाला जाते सांगायला नको, तेव्हा अधनंमधनं घड्याळाशी लावून घ्या.

आणि हे बाहेरच्या व्हिडिओत कोण सांगणार नाही : आपल्याकडं थंडी म्हणजे ऊसाचा हंगाम. आजूबाजूला पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन पाण्यावर बसते, बोट लावलं की चुरा होऊन खाली जाते आणि टाईल्सवर काळे पट्टे. त्यात सागाची पानं गळायलेली असतात. अशा दिवशी तास मोजत बसू नका, आधी जाळीनं वरचं काढा, स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) टोपली रिकामी करा आणि मग पंप जास्त चालवा. फिल्टरवरचा प्रेशर गेज नेहमीपेक्षा अर्धा बार वर गेला की बॅकवॉश करा (पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा), काजळीनं फिल्टर लवकर भरतो.

प्रश्न : मग दोन महिने पंप पूर्णच बंद ठेवला तर? — वाचक, निपाणी

उत्तर : नको. १५ अंशाच्या खाली शेवाळ जवळजवळ झोपतं, पण आपल्याकडं पूलचं पाणी तेवढं गार सहसा होतच नाही. बंद ठेवलं तर पाणी हिरवं आणि वर डासांच्या अळ्या, मग उपसून परत भरायचा टँकरचा खर्च. संक्रांत झाली, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं की परत तास वाढवायला सुरुवात करा.