वाचकांचे प्रश्न : सिंगापूरला निघण्यापूर्वी

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई असे पाचजण सिंगापूरला जाणार आहोत. पर्यटन कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत रोज चार ठिकाणे आहेत. कोल्हापूरचा उन्हाळा काढणाऱ्यांना तिथल्या उकाड्याचे काय, असे यजमान म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हा कार्यक्रम झेपेल का? — एक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : आहे तसा झेपणार नाही, आणि मुलांनाही त्यात आनंद मिळणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपार कितीही तापली, तरी संध्याकाळी वारा सुटतो, एखादा वळीव येऊन जातो आणि रात्री बरे वाटते. सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्याही आत आहे. तिथे पारा ३२-३३ अंशांच्या फारसा वर जात नाही, पण रात्रीही तो २५ अंशांच्या आसपासच राहतो, आणि हवेत इतका दमटपणा असतो की आलेला घाम वाळतच नाही. त्यातून एप्रिल-मे हा तिथला अधिक उकाड्याचा काळ आहे. आपला अनुभव कोरड्या उन्हाचा असल्यामुळे तो इथे फारसा उपयोगी पडत नाही.

म्हणून कंपनीला सांगून दिवसाची मांडणी बदलून घ्यावी. सकाळ आणि संध्याकाळ बाहेर घालवावी, दुपार छताखाली घालवावी आणि दिवसाला दोनच ठिकाणे ठेवावीत. तिथले घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते आणि वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सात ते साडेनऊ हा दिवसातला सर्वांत चांगला वेळ असतो. नऊ वाजता हॉटेलमधून निघणारी बस नेमका तोच वेळ वाया घालवते.

ती सकाळ सिंगापूर बोटॅनिक गार्डनमध्ये घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. सहलीच्या पत्रकात ही बाग बहुधा नसते, कारण तिला प्रवेश शुल्क नाही. १८५९ मध्ये सुरू झालेल्या या बागेला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे १८७७ मध्ये इथे आली, आणि पुढे हेन्री रिडले या संचालकांनी झाडाला इजा न होता सालीवर तिरपे काप घेऊन पुन्हापुन्हा चीक काढण्याची पद्धत इथेच बसवली. मलायातील रबराचे मळे त्यातूनच उभे राहिले. मुलांना हे झाडाजवळ उभे करून सांगावे. बागेतील ऑर्किडच्या विभागाला मात्र तिकीट आहे, आणि ते काढावे. सिंगापूरचे राष्ट्रीय फूल असलेले जांभळट-गुलाबी ‘वांडा मिस जोकिम’ तिथे पाहता येते, शिवाय थंड प्रदेशातल्या ऑर्किडसाठी हवा गार ठेवलेले काचघरही आहे. बागेत बसायला बाकडी भरपूर असल्याने सासूबाईंना घाई करावी लागणार नाही.

दुपारी जेवून विश्रांती घ्यावी किंवा संग्रहालय पाहावे. गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारीच येतो आणि विजा जोरदार असतात, अशा वेळी मोकळ्या जागेत थांबू नये. संध्याकाळी ‘गार्डन्स बाय द बे’ला गेलात, तर बाहेरची उंच कृत्रिम झाडे आणि त्यांवरील प्रकाशाचा खेळ विनामूल्य आहे. तो सहसा रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला होतो. तिथल्या दोन वातानुकूलित काचघरांना तिकीट आहे. एकच घ्यायचे असेल, तर आतला धबधबा आणि ढगांतली वाट असलेले ‘क्लाउड फॉरेस्ट’ निवडावे.

गुडघ्यांची फार चिंता नको. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि वयस्कर माणसांसाठी राखीव जागा मोकळी करून दिली जाते. बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी सुरू करून घेतलेले असेल, तर मेट्रोत आणि बसमध्ये तेच टेकवून जाता येते. मेट्रोत काहीही खाणे-पिणे, अगदी पाण्याचा घोट घेणेही, नियमाविरुद्ध आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या भिशीच्या मैत्रिणींचा गट जाणार आहे. आमच्यातील दोघी जैन आहेत, बाकीच्या सगळे खातात. सोबत घरचा कांदा-लसूण मसाला, भडंग आणि डिंकाचे लाडू न्यायचे ठरले आहे. तिथे शाकाहारी जेवण मिळते का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : जेवणापेक्षा आपल्या सामानाची काळजी मला अधिक वाटते. सिंगापूरमध्ये खसखस नेण्यास बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते आणि तिच्यात मॉर्फीनचा अंश असू शकतो, म्हणून तेथील अमली पदार्थविरोधी यंत्रणेने ती निषिद्ध ठरवली आहे. आपल्याकडे वर्षाचा मसाला करताना मिरची, कांदा, लसूण, खोबरे, धने आणि तीळ यांच्याबरोबर खसखस भाजून घालणारी घरे पुष्कळ आहेत. डंखातून कुटून आल्यावर ती दिसत नाही, पण असतेच. डिंकाच्या लाडवांत आणि अनारशांवरही ती असते. अमली पदार्थांबाबत तो देश किती कठोर आहे हे लक्षात घेता, खसखस घातलेले काहीही नेऊ नये. मसाल्याऐवजी साधे तिखट न्यावे. विकतचे पाकीट असेल, तर त्यावरील घटकांची यादी वाचावी. घरच्या भडंगाला हरकत दिसत नाही, पण सामानात कोणते खाद्यपदार्थ आहेत, असे विचारले गेल्यास खरे उत्तर द्यावे. मांसाचे पदार्थ, गुटखा, मावा, खायची तंबाखू आणि ई-सिगारेट यांपैकी काहीही सोबत नसावे. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध किंवा झोपेच्या गोळ्या लागत असतील, तर तेथील आरोग्य यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते का, हे आधी पाहावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

शाकाहारी जेवण मिळते. लिटल इंडिया भागात सेरांगून रस्त्यावर १९४७ पासून चालू असलेले ‘कोमला विलास’ आहे, आणि जवळच्या टेक्का सेंटरमध्येही भारतीय पदार्थांचे गाळे आहेत. ज्या सगळे खातात, त्यांनी ‘हॉकर सेंटर’मध्ये जेवावे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत आणून बसवले गेले आणि त्यातून एकाच छताखाली चिनी, मलय आणि तमिळ पदार्थ खाण्याची ही पद्धत तयार झाली. २०२० मध्ये युनेस्कोने तिची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. जेवून झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवावे लागते, नाहीतर दंड होऊ शकतो.

जैन मैत्रिणींनी मात्र पालेभाजी पाहून फसू नये. सांबल नावाच्या तिखट चटणीत बहुधा सुकट किंवा कोळंबीचा खार असतो, आणि पावाला लावून देतात त्या ‘काया’ नावाच्या नारळाच्या गोड लेपात अंडे असते. कांदा-लसूण नको हे भारतीय उपाहारगृहातही स्पष्ट सांगावे, कारण सांबार-चटणीत तो असतोच.

प्रश्न : कागदपत्रांसाठी किती धावपळ करावी लागते? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा अधिकृत प्रतिनिधींमार्फत काढावा लागतो. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचे असते. ते विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठणार असाल, तर पावसाळ्यात गाडी आणि विमान यांच्यामध्ये भरपूर अंतर ठेवावे.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. मुलाकडे सिंगापूरला जात आहे. नेताजींच्या कार्याशी संबंधित जागा पाहता येतील का? — एक वाचक, कागल

उत्तर : गुरुजी, आपल्या प्रश्नाने मला विशेष आनंद झाला, कारण आपल्याकडून जाणारे बहुतेक प्रवासी या जागांवरून नकळत पुढे जातात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापुरात शरणागती पत्करली आणि दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन केले. आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथून होते. ४ जुलै १९४३ रोजी कॅथे इमारतीत रासबिहारी बोस यांनी चळवळीची सूत्रे नेताजींकडे सोपवली. दुसऱ्या दिवशी पाडांग मैदानावर नेताजींनी सेनेची पाहणी केली, आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी पुन्हा कॅथेमध्येच आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. त्या इमारतीचा आता केवळ दर्शनी भाग जुना आहे आणि ती ‘धोबी घाट’ मेट्रो स्थानकाजवळ आहे.

पाडांगपासून जवळच एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेतील हुतात्म्यांच्या स्मारकाची पायाभरणी नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी केली होती. ब्रिटिश परतल्यावर त्यांनी ते स्मारक पाडले. १९९५ मध्ये त्या जागी स्मृतिचिन्ह उभारण्यात आले. पाडांगसमोरच्या जुन्या सिटी हॉलमध्ये, जो आता नॅशनल गॅलरीचा भाग आहे, १२ सप्टेंबर १९४५ रोजी जपान्यांची शरणागती झाली. पाडांग आणि स्मारक सकाळी पायी पाहून दुपारी गॅलरीत जावे, म्हणजे ऊन चुकते. कॅथेसाठी सिटी हॉल स्थानकातून मेट्रोने एकच स्थानक पुढे जावे लागते. वेळ असल्यास बेटाच्या उत्तरेकडील क्रांजी युद्ध स्मारकालाही सकाळीच जाऊन यावे. तेथील भिंतींवर ब्रिटिशांच्या बाजूने लढताना कामी आलेल्या हिंदी सैनिकांची नावेही कोरलेली आहेत. एकाच शहरात आपली माणसे दोन्ही बाजूंना कशी होती, ते या दोन जागा मिळूनच कळते.