मिस्टरांचा हात पुन्हा पुन्हा लुळा पडतो, सासऱ्यांनाही व्हायचं. मानेचा एमआरआय नॉर्मल. मुलीलाही होईल का?

सगळ्यात आधी मिस्टरांना एक विचारा: ताकद जाण्याआधी दुखलं होतं का? दोन वेगळे आजार इथेच वेगळे होतात.

झोपेतून उठवणारी, साध्या गोळीला न जुमानणारी खांद्यातली कळ आधी आली आणि काही दिवसांत हात गळाला, तर ही आनुवंशिक न्यूरॅल्जिक अ‍ॅमायोट्रॉफी असू शकते. यात खांद्यातल्या नसांच्या जाळ्यालाच सूज येते. ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा अंगमोड कष्टांनंतर झटका येतो. शर्ट काढून त्यांना दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूचं खांद्याचं पातं पंखासारखं वर उचललं, तर ते दाबून धरणाऱ्या स्नायूची नस गेलेली असते. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. श्वासपटलाची नसही यात सापडते.

दुखलंच नाही, हातावर डोकं ठेवून झोपले किंवा जड पिशवी खांद्याला लावली आणि हात बधिर होऊन पडला, तर एचएनपीपीचा, म्हणजे दाबाने नसा लुळ्या पडण्याच्या आनुवंशिक आजाराचा, संशय घ्यावा. यात पीएमपी२२ जनुकाची एक प्रत गहाळ असते, त्यामुळे साध्या दाबानेही नस बंद पडते. नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या तपासणीत, ही गहाळ प्रत निसटू शकते, म्हणून जनुकाच्या प्रती मोजणारी एमएलपीए चाचणी लिहून मागा. पहिल्या आजारात सेप्ट९ जनुक तपासतात. मात्र तो निर्दोष निघाला तरी आजार नाही असं होत नाही, कारण सगळ्या घराण्यांत तो बदल सापडत नाही.

ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी, झटक्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी करा. पहिल्या आठवड्यात केली तर ती बरेचदा नॉर्मल येते आणि पैसे वाया जातात. कळ असलेल्या झटक्यात न्यूरॉलॉजिस्ट सुरुवातीलाच थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, त्याने दुखणं लवकर आटोक्यात येऊ शकतं. मधुमेह असेल तर आधीच सांगा, कारण या औषधाने साखर वाढते. दुखतंय तोवर वजनं उचलायला लावणारा व्यायाम नको, पण खांदा हळूहळू फिरवत राहा, नाहीतर तो आखडतो. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणून सुधारणेला महिने, कधी दोन-तीन वर्षंही लागतात.

मुलीचं म्हणाल तर दोन्ही आजारांत सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. पण आधी मिस्टरांमधला नेमका बदल सापडू द्या. त्याशिवाय तिच्यात काय शोधायचं हे लॅबला कळणार नाही.