साडूला पैसे दिलेत, लिहून घेतलं नाही, आता मागू कसे?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की समोरचा माणूस नीट बसायच्या आधीच मला ओळखू येतो. जवळच्याला पैसे दिलेत, कागद नाही, तो फोन उचलत नाही, आणि मागायची लाज वाटते. गंमत बघा, लाज देणाऱ्याला वाटते.

एक केस सांगते, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. चाळिशीतलं जोडपं, तक्रार काय तर रोजची भांडणं. अर्धा तास इकडचं तिकडचं झालं आणि मग बाई एकदम म्हणाली, मॅडम खरं सांगू का, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला ह्यांनी पैसे दिलेत, चार पगारांएवढे, दोन महिन्यांत देतो म्हणाले होते त्याला आता 14 महिने झाले, आणि आम्ही बहिणी-बहिणी एकमेकींच्या फोटोला लाइकसुद्धा करत नाही.

लिहून का नाही घेतलं विचारलं तर नवरा म्हणाला, "घरच्या माणसाकडून कागद काय घ्यायचा, वाईट दिसतं." मान्य आहे, मीही एका मैत्रिणीला असेच दिले होते, पैसे गेले आणि मैत्रीणही. पण इतकी वर्षं लोकांची भांडणं ऐकून माझं मत असं झालंय की बुडवायचंच म्हणून घेणारे फार थोडे असतात, बाकी ठिकाणी दोघांच्या आठवणी वेगळ्या असतात आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते.

नवऱ्याने रात्री दोनला टाइप केलेला मेसेज मला दाखवला, "शेवटचं विचारतोय, देणार की नाही." पाठवला नव्हता हे नशीब. तो पुसून आम्ही दुसरा लिहिला: "संदीपराव, मागच्या वर्षीच्या पैशांचा हिशोब एकदा बसून लिहून काढू. एकदम नाही जमलं तरी चालेल, हप्ते ठरवू." ह्यात आरोप नाही, आणि समोरून "हो, देणं आहे" असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवण्यासारखं. अर्थात सही केलेल्या कागदाची सर त्याला नाही.

आणि हे लांबवू नका. उधारीचा दावा करायला बहुतेक देशांत मुदत असते, भारतात साधारण 3 वर्षं, इंग्लंडमध्ये 6. भारतात "मागशील तेव्हा देतो" असा व्यवहार असेल तर ही 3 वर्षं पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात, मागितल्यापासून नाही, हे लोकांना माहीतच नसतं. मुदत संपायच्या आत घेणाऱ्याने लेखी, सहीनिशी बाकी मान्य केली तर मात्र ती नव्याने सुरू होते.

पुढच्या वेळी चौघं आले. संदीपरावांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो सारखा थरथरत होता, दर वेळी ते बोलता बोलता थांबायचे. शेवटी मीच विचारलं. तीन लोन अ‍ॅप्स, एकाचं फेडायला दुसरं, वसुलीवाले रोज शिव्या देतात. आधी अनोळखी नंबर उचलायचं बंद केलं आणि हळूहळू ओळखीचे पण. पैसे देणारे साडू हे ऐकून गप्पच झाले, त्यांना वाटत होतं माणूस मजेत आहे आणि मुद्दाम टाळतोय.

मग तासभर तेच बोललो. फोनवर घाबरून कसलाही आकडा कबूल करायचा नाही, तुम्ही कोण, कोणाच्या वतीने, मुद्दल किती, व्याज-दंड किती, हे लेखी पाठवा म्हणायचं. पैसे भरायचे तर कर्ज देणाऱ्याच्या खात्यात, एजंटच्या स्वतःच्या खात्यात कधीच नाही. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवणार असाल तर त्यांचं पत्र आधी, पैसे नंतर. वेळेचेही नियम आहेत, भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनेप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास देणं तर अजिबातच नाही. त्यामुळे तारीख-वेळेसकट नोंद ठेवा, तक्रार करताना तीच लागते. "पोलीस पाठवतो" ला घाबरू नका, नुसता हप्ता थकला म्हणून कोणी उचलून नेत नाही. हां, चेक बाउन्स झाला असेल किंवा कोर्टाचा कागद आला तर तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचा नाही, वकील गाठायचा.

मग घरातला हिशोब. आणि लगेच अडलं! साडू म्हणे दोन हप्ते मिळाले, संदीपराव म्हणे तीन दिले. आवाज चढले. तेवढ्यात धाकटी बहीण हळूच म्हणाली, "अगं ताई, तो तिसरा मी तुझ्या हातात नाही का दिला, कॅश." ताई दोन मिनिटं बघतच राहिली. तिला वाटलेलं ती बहिणीची जुनी उसनवारी होती, तिने घरात खर्चून टाकले, नवऱ्याला बोललीच नाही. एक ओळ कुणी कुठे लिहिली असती तर 14 महिन्यांतले निम्मे वाद झालेच नसते.

कागद एका पानाचा झाला. कोणी, कोणाला, किती, कोणत्या तारखेला दिले, तीन हप्ते वजा, आजची बाकी आकड्यात आणि अक्षरात, व्याज नाही, दर महिन्याच्या 7 तारखेला अमुक, फक्त बँकेतून. एक हप्ता चुकला तर आधी कळवायचं, हे वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून दोघी बहिणी, दोन प्रती.

अ‍ॅपवाल्यांचं अजून पूर्ण मिटलेलं नाही, दोन बाकी आहेत. मागच्या महिन्यात इकडचा हप्ताही अर्धाच आला. पण 5 तारखेलाच संदीपरावांचा फोन आला होता, ह्या वेळी निम्मेच जमतील म्हणून. साडूंनी कागदावर समोर तेवढे लिहिले, आणि मग म्हणे दोघं क्रिकेटवर बोलत बसले.