भारत-जपान लष्करी युती होईल का? सोयरीक नाही, पैरा

तुमचा प्रश्न असा आहे : "भारत आणि जपान एकमेकांच्या मदतीला सैन्य पाठवतील अशी युती येत्या दहा-पंधरा वर्षांत होईल का, की हे सगळं परिषदा आणि फोटोंपुरतंच?"

थेट सांगतो. तशी युती होणार नाही. पण फोटोंच्या पलीकडे बरंच काही झालंय, आणि ते अशा खात्यात झालंय की त्याची बातमी होत नाही. मी सातारा तालुक्यातला. नौदलात स्टोअर्सच्या शाखेत चोवीस वर्षं काढली, म्हणून मला ते खातं दिसतं.

आमच्या घरात जपान हा शब्द आधी शत्रू म्हणून आला. आजोबा मराठा पलटणीत होते, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला. चार-पाच दिवस ती टेकडी धरली, पाणी संपलं, शेवटी रात्रीतून बाहेर पडले. त्या दिवसांमुळे इंफाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला, हे मला फार उशिरा पुस्तकांतून कळलं. आजोबांच्या तोंडून एवढंच यायचं, "जपान्या गडी चिवट. आवाज न करता वर यायचा." यात राग किती आणि कौतुक किती ते मला कधी उमगलं नाही. आमच्याकडे प्रत्येक गावात असा एखादा म्हातारा असायचा. आज त्याच इंफाळजवळ रेड हिलपाशी जपानी संस्थेच्या मदतीने उभं राहिलेलं शांतता संग्रहालय आहे, २०१९ सालचं.

सरकारी पातळीवर मात्र कटुता कधी फारशी नव्हतीच. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला आपण गेलो नाही. १९५२ मध्ये जपानशी वेगळा तह केला आणि युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. खरी खीळ बसली ती १९९८ च्या पोखरणनंतर. जपानने नवी कर्जं गोठवली. अणुबॉम्ब सोसलेल्या देशाकडून दुसरं काय होणार? पण त्याच जपानने २०१६ मध्ये आपल्याशी नागरी अणुकरार केला, आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी त्यांनी असा करार करायची ती पहिलीच वेळ. अठरा वर्षांत एवढं अंतर. मधल्या काळात २००७ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे आपल्या संसदेत हिंदी आणि प्रशांत महासागर एकत्र धरून बोलून गेले, तेव्हा ते अनेकांना नुसतं काव्य वाटलं होतं.

आता युती का नाही ते बघा. जपानची युती एकच, अमेरिकेशी, १९६० च्या तहाची. त्यांच्या घटनेचं नववं कलम युद्धाला मनाई करतं. २०१५ मध्ये कायदे बदलून त्यांनी थोडी फट ठेवली, पण तीही जपानचं स्वतःचं अस्तित्व धोक्यात आलं तरच. आपल्या बाजूला तर युतीची ॲलर्जीच. सगळ्यात जवळ गेलो तो १९७१ चा सोव्हिएत करार. त्यातही हल्ला झाल्यास काय, तर सल्लामसलत करू. योगायोग असा की तेही नववंच कलम.

शिवाय भूगोल. आपली चीनशी कटकट डोंगरात, त्यांची पूर्व चीन समुद्रातल्या सेन्काकू बेटांच्या पाण्यात. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले तेव्हा जपानी सैनिक लडाखला येणं शक्य होतं का? सेन्काकूला उद्या काही झालं तर मराठा पलटण तिकडे जाईल का? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच.

पण समुद्र मधे येतो. जपानचं नव्वद टक्क्यांहून जास्त कच्चं तेल पश्चिम आशियातून येतं, म्हणजे आपल्या दारावरून. अंदमान-निकोबार त्या वाटेवर बसलेलं आहे. तेच अंदमान १९४२ ते ४५ जपान्यांच्या ताब्यात होतं, त्यामुळे त्या बेटांचं मोल त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथे माझं खातं येतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात जिमेक्स नावाचा दोन्ही नौदलांचा सराव झाला, त्या वेळी मी पाहुणा म्हणून त्यांच्या जहाजावर गेलो होतो. त्यांच्या स्टोअरकीपरचं इंग्रजी माझ्यासारखंच, म्हणजे अडखळत. त्याने कपाट उघडून दाखवलं. प्रत्येक पान्याच्या जागी त्या पान्याचा आकार रंगवलेला, एक जरी गेला तरी रिकामी जागा ओरडून सांगणार. मी त्याला खुणेनेच विचारलं, तुझ्याकडून फिल्टर उसना घेतला तर? तो हसला आणि मान हलवली. त्याच्या वहीत तसा रकाना नव्हता, माझ्याही नव्हता.

तो रकाना २०२० मध्ये तयार झाला. त्या सप्टेंबरात दोन्ही देशांनी रसदीचा करार केला आणि जुलै २०२१ पासून तो लागू झाला. तेल, पाणी, अन्न, सुटे भाग, दुरुस्ती, बंदर, विमानतळ : एकाने दुसऱ्याला द्यायचं, आणि दुसऱ्याने पैशात किंवा वस्तूत फेडायचं. आमच्याकडे याला पैरा म्हणतात. तुमच्या उसाच्या लागणीला आम्ही, आमच्या भुईमुगाच्या काढणीला तुम्ही. पैऱ्यात सोयरीक नसते, बांधावरून भांडणंही होतात, पण लागण थांबत नाही. ज्याने कधी पैरा बुडवला त्याला पुढच्या हंगामात माणूस मिळत नाही, बस्स, एवढाच त्याचा कायदा. मला विचाराल तर त्या करारानंतरच हे प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू झालं.

हवाई दलाचं उदाहरण आणखी गमतीचं. जानेवारी २०२३ मध्ये आपली सुखोई विमानं सरावासाठी जपानच्या ह्याकुरी तळावर उतरली. रशियन बनावटीचं विमान, आणि रशियावर निर्बंध घातलेला जपान! पण चीनही सुखोईच्याच घराण्यातली विमानं उडवतो, त्यामुळे जपानी वैमानिकांना ती जवळून बघायला मिळणं ही मेजवानीच असणार. ज्या रशियन सामानामुळे आपण अडचणीचे वाटतो, तेच इथे कामाला आलं.

आता जिथे गाडी चिखलात रुतली आहे ते. यूएस-२ नावाचं पाण्यावर उतरणारं जपानी विमान आपण घेणार, ही चर्चा २०१३ च्या सुमारापासून चालू आहे. एकही आलं नाही. किंमत अफाट, आणि शस्त्रं विकायची जपानला सवय नाही. बंदीच २०१४ मध्ये सैल झाली. आपल्या खरेदीचा वेग तुम्हाला माहीतच आहे. बिब्बे घालायला दोघेही समर्थ. शेजारी ऑस्ट्रेलियाने मात्र २०२५ मध्ये जपानच्या मोगामी वर्गातल्या युद्धनौकांची निवड करून टाकली. सैन्याने एकमेकांच्या देशात सरावाला कसं जायचं-यायचं याचाही करार जपानने ऑस्ट्रेलियाशी केलाय, फिलिपिन्सशी केलाय. आपल्याशी नाही. आपल्यासाठी त्यातल्या त्यात आशेची गोष्ट म्हणजे युद्धनौकांवर बसवायचा युनिकॉर्न नावाचा अँटेना. तो दोघांनी मिळून बनवायचा, असं २०२४ च्या नोव्हेंबरात ठरलं. छोटी वस्तू आहे, पण विमानापेक्षा तीच आधी जहाजावर चढेल असं मला वाटतं.

व्यापार हा दुसरा कच्चा दुवा. २०११ पासून मुक्त व्यापाराचा करार आहे, आणि तरी जपानचा चीनशी व्यापार आपल्या कितीतरी पट मोठा. पोट तिकडे आणि काळजी इकडे, अशी त्यांची अवस्था. आपलीही फार वेगळी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षांत पाच लाख लोकांची ये-जा, त्यात पन्नास हजार कुशल भारतीय जपानला, असं ठरलंय. माझा भाचा त्याच आशेने पुण्यात जपानी शिकतोय. आजोबा असते तर काय म्हणाले असते देव जाणे.

आणखी एकाने विचारलंय, तैवानवरून पेटलं आणि जपान ओढला गेला, तर भारत काय करेल? माझा अंदाज सांगतो. लढायला जाणार नाही. दिल्लीतून 'संयम बाळगा' असं निवेदन येईल, त्यावर टीव्हीवर आरडाओरडा होईल. पण समुद्रावर टेहळणी करणारी आपली पी-८आय विमानं मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी नेहमीपेक्षा जास्त घिरट्या घालतील, काय दिसलं ते टोकियोला कळेल, आणि एखादं जपानी जहाज तेलासाठी आपल्या बंदरात आलं तर ते भरून दिलं जाईल. किती लिटर दिलं ते कुणीतरी चीफ पेटी ऑफिसर वहीत लिहून ठेवेल, परत घ्यायचं म्हणून.