मोठ्यांचेच औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून मुलांना देता येत असताना, त्यांच्यावर वेगळ्या चाचण्या करणे योग्य आहे का?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला व्यवसायामुळे ठाऊक आहे, कारण एकोणीस वर्षे मी रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्या मुलाच्या आजारपणाने मला शिकवले, आणि ते मी फार उशिरा शिकले.

वजनाचा हिशेब चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंना चुकतो. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे पुरती कामाला लागलेली नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक १९५०च्या दशकात अशा बाळांना दिले गेले, तेव्हा त्यांच्या यकृताला त्याचा निचरा करता येईना. ते रक्तात साठत गेले आणि बाळे राखाडी पडून दगावली. याउलट दोन ते सहा वर्षांच्या मुलाचे शरीर कित्येक औषधे किलोमागे प्रौढापेक्षा वेगाने संपवते, त्यामुळे वजनाच्या प्रमाणात काढलेला डोस त्याला अपुरा पडतो. शिवाय औषधासोबत जी इतर द्रव्ये शरीरात जातात, तीही निरुपद्रवी असतातच असे नाही. १९८२ साली अकाली जन्मलेल्या काही बाळांच्या मृत्यूंचा माग काढला गेला, तेव्हा तो सलाइनमध्ये ते टिकावे म्हणून घातलेल्या बेंझिल अल्कोहोल या द्रव्यापाशी जाऊन पोहोचला; मोठ्यांना ते तेवढ्या मात्रेत बाधत नाही.

हे सगळे मी परीक्षेत लिहिलेले होते. तरीही माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला फिट येऊ लागल्या, पहिली दोन औषधे लागू पडली नाहीत आणि तिसरे औषध फक्त प्रौढांच्या कॅप्सूलमध्ये मिळत होते, तेव्हा मी तेच केले जे आजवर शेकडो मुलांसाठी केले होते. रोज सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल फोडायची, भुकटी दहा मिलिलिटर पाण्यात ढवळायची, सिरिंजने तीन मिलिलिटर ओढून घ्यायचे आणि उरलेले ओतून द्यायचे. (औषधाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणी वाचून तसेच करू नये.) ती भुकटी पाण्यात पूर्ण विरघळत नसे आणि सिरिंज हातात घेईपर्यंत तळाला बसू लागे, त्यामुळे कोणत्या दिवशी मुलाच्या पोटात किती औषध गेले, हे मला शपथेवर सांगता आले नसते. ते कडू असल्याने निम्मे तो थुंकून टाकी. एका महिन्यात दोन मोठ्या फिट आल्या. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तेव्हा तो दिवसच्या दिवस झोपून राहू लागला. माप माझ्याच हाताने पडत होते, आणि डोस मोजणे हे माझे काम होते.

त्याच सुमारास डॉक्टरांनी एका चाचणीबद्दल सांगितले. मुलांसाठी त्याच औषधाचे पातळ रूप तयार झाले होते. प्रौढांमध्ये त्याचा गुण सिद्ध होता आणि आजाराचे वागणे मुलांत वेगळे नसल्याने गुण पुन्हा सिद्ध करायचा नव्हता. कोणत्या वयाला किती मात्रा लागते आणि ती सोसते का, एवढेच पाहायचे होते. सहभागी होणाऱ्या प्रत्येक मुलाला खरे औषधच मिळणार होते आणि सहा महिन्यांत पाच वेळा थोडे थोडे रक्त घेतले जाणार होते. मी माहितीपत्रक तीनदा वाचले. त्यातले एकही वाक्य मला अवघड नव्हते.

वडील गेल्यापासून आमच्या घरी मोठे निर्णय दादाला विचारून होतात. दादा म्हणाला, "स्वतःच्या पोराचा उंदीर करणार आहेस का?" मी सही केली नाही.

पुढची तीन वर्षे मी कॅप्सूल फोडत राहिले. ते पातळ औषध बाजारात आले, तेव्हा त्याच्या पत्रकावरच्या तक्त्यात माझ्या मुलाच्या वजनासमोर लिहिलेली मात्रा मी देत असलेल्या मात्रेच्या जवळपास दीडपट होती. म्हणजे प्रयोग माझ्या स्वयंपाकघरातही चालूच होता; फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नव्हते, त्यावर कोणाची देखरेख नव्हती आणि त्यातून दुसऱ्या कोणत्याही मुलाला काही मिळणार नव्हते. तक्त्यातले आकडे ज्यांच्या रक्तातून आले, त्या मुलांच्या आईवडिलांनी सही केली होती. "बघ, सही केली नाहीस म्हणून मुलगा सुखरूप आहे," असे दादा आजही म्हणतो, तेव्हा मी त्याला हेच सांगते.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. चाचण्या करणे योग्य आहे आणि न करणे हाच अन्याय आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाच्या एका पातळ रूपाने शंभराहून अधिक बळी घेतले, त्यांत पुष्कळ मुले होती, आणि १९३८चा औषध कायदा त्यातून आला. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातल्या बाळांना व्यंगे दिली, त्यानंतर १९६२ साली औषधाच्या उपयुक्ततेचा पुरावा मागणारी दुरुस्ती आली. दोन्ही वेळा किंमत मुलांनी मोजली, आणि कंपन्यांनी मात्र मुलांबाबतचा पुरावा गोळा करण्याऐवजी पत्रकावर मुलांसाठी शिफारस नसल्याचे छापून स्वतःला मोकळे करून घेतले. हॅरी शर्की या बालरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकातच मुलांना उपचारांतली अनाथ म्हटले होते. तरी १९९७ साली अमेरिकेने मुलांवरील अभ्यासाच्या बदल्यात विक्रीच्या एकाधिकाराचे सहा महिने वाढवून दिले, २००३ साली असा अभ्यास सक्तीचा करण्याचा अधिकार कायद्यात आणला आणि २००७पासून युरोपने नव्या औषधासोबत मुलांसाठीची योजना मागायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कंपन्या हलल्या. आमिष आणि सक्ती यांनी जे साधले, ते केवळ सद्बुद्धीच्या आवाहनाने साधले नसते, असे मला वाटते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या मुलाच्या फिट नव्या मात्रेने थांबल्या की वाढत्या वयाने, हे मी सिद्ध करू शकत नाही. सगळ्या चाचण्या त्या चाचणीसारख्या नसतात. मुलांच्या काही कर्करोगांत किंवा जन्मजात आजारांत प्रौढांचा अनुभव मुळात उपलब्धच नसतो, आणि तिथे जोखीम खरोखर मोठी असते. लागू पडलेले औषध बंद करून काही मुलांना नुसती औषधविरहित गोळी देण्याची योजना असेल, तर मी आजही सही करणार नाही. आणि समजत्या वयाचे मूल नको म्हणत असेल, तर आईवडिलांच्या सहीला काही अर्थ उरत नाही.

आपल्यासमोर असा कागद आला असेल, तर हे औषध आधी कोणाला दिले गेले आहे, रक्त किती वेळा घेणार, चाचणी मध्येच थांबवण्याचा अधिकार कंपनीबाहेरच्या कोणाकडे आहे आणि इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, हे विचारून घ्यावे. त्यातून केव्हाही बाहेर पडता येते, हे लेखी असायला हवे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण माहितीपत्रक त्यांच्या हातात देऊन, ते वाचून झाल्यावरच घ्यावा. मी दादाला दिलेले पत्रक दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा त्याच्या पाकिटाचे चिकटवलेले तोंड तसेच होते.