आधी मालकी बघ, मग मतपेटी

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. पोलंडमधल्या स्थानिक स्वराज्याची गोष्ट तू २७ मे १९९० च्या निवडणुकीपासून सुरू केली आहेस आणि अर्धा आराखडा मतदानावरच खर्च केला आहेस. अरे, मतदान कम्युनिस्ट राजवटीतही व्हायचं! गावोगाव ‘राष्ट्रीय परिषदा’ होत्या, सभासद होते, ठरावही होत. पण परिषदेच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर जागा नसे, पैसा वरून येई, आणि कारकून सरकारचा.

येझी रेगुल्स्की, मिहाऊ कुलेशा ही या सुधारणेची आखणी करणारी अभ्यासक मंडळी ऐंशीच्या दशकापासून यावर डोकं खपवत होती. म्हणूनच सप्टेंबर १९८९ मध्ये नवं, कम्युनिस्टेतर नेतृत्वाचं सरकार आल्यावर ८ मार्च १९९० ला स्थानिक स्वराज्याचा कायदा झालासुद्धा. रेगुल्स्कींच्या हिशेबी पाच मक्तेदाऱ्या मोडायच्या होत्या: एका पक्षाची, एकछत्री राज्यसत्तेची, सरकारी मालकीची, तिजोरीची आणि प्रशासनाची. तुझ्या आराखड्यात फक्त पहिली आहे.

मालकीचं प्रकरण नीट वाच. १० मे १९९० चा कायदा २७ मे रोजी लागू झाला आणि परिषदांकडची सरकारी मालमत्ता त्याच दिवशी कायद्यानेच ग्मिनांची, म्हणजे तिथल्या पायाभूत स्थानिक संस्थांची झाली. मतदान आणि मालकी एकाच दिवशी! कागद मात्र मागून व्हायचे होते. समितीने जमिनी-इमारतींची यादी करायची, ती ३० दिवस लोकांना बघायला ठेवायची, हरकती ऐकायच्या, मग प्रांताच्या सरकारी प्रमुखाने निर्णय द्यायचा. हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. तुझा खरा मसाला त्या दप्तरांत आहे. प्राथमिक शाळा सरसकट ग्मिनांकडे यायला तर १९९६ उजाडलं.

१९९९ ची फेररचना थोडक्यात आटप. ४९ प्रांतांचे १२ करायचे होते, झाले १६. बिदगोश्च आणि तोरून यांच्या भांडणात एका प्रांताला दोन मुख्यालयं मिळाली. जिल्हा मुख्यालयासाठी झालेले बंद पाहिलेल्या आपल्या माणसाला यात नवल नाही. त्याच वेळी परत आणलेले जिल्हे, ‘पोव्यात’, हा मला या सुधारणेचा कच्चा दुवा वाटतो. कामं भरपूर, स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं.

आपल्याशी तुलना करायचीच असेल तर इथेच कर. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, पण त्यातलं काय द्यायचं हे राज्यांवर सोडलं.

आणि पुस्तकांवर विसंबू नकोस. एकच ग्मिना निवड, तिचा अर्थसंकल्प ओळीओळीने वाच. तो संकेतस्थळावर मिळतो. गावनिधी, म्हणजे गावसभेने खर्च ठरवायचा ग्मिनेच्या अर्थसंकल्पातला वाटा, सुरू केलेली ग्मिना मिळाली तर उत्तम; त्याचा कायदा आधी २००९ चा होता, आता २०१४ चा आहे. गावसभेत ठरलेला अर्ज ग्मिनेच्या प्रमुखाकडे ३० सप्टेंबरपर्यंत द्यावा लागतो, तेव्हा ऑगस्टअखेर तिथे पोच. तोवर सभेतली भांडणं कळतील एवढी पोलिश शीक.